'थ्री नॉट थ्री'च्या अंगावरची अक्षरं

आपल्या पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षं दिसलेली 'थ्री नॉट थ्री' ही ली-एनफिल्ड घराण्यातली रायफल. याच घराण्यातली 'नंबर ४' दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने लाखोंनी बनवली. तिचे सुटे भाग वेगळे करून भिंगाखाली धरले, तर जवळजवळ प्रत्येकावर बारीक ठसे सापडतात.

नोव्हेंबर १९४० मध्ये बर्मिंगहॅमच्या बीएसए (बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स) या बंदुकांच्या कारखान्यावर जर्मन विमानांनी बॉम्ब टाकले, ५३ कामगार मेले. अशा काळात मालावर कारखान्याचं नाव छापणं धोक्याचं होतं, म्हणून सांकेतिक खुणा आल्या. पहिलं अक्षर इंग्लिश नावावरून विभागाचं: 'एम' म्हणजे मध्य इंग्लंड, 'एन' उत्तर, 'एस' दक्षिण. पुढचा आकडा कारखान्याचा. 'एम ४७' म्हणजे बीएसए. बटाच्या, म्हणजे खांद्याला टेकवायच्या मागच्या लाकडी भागाच्या, खालच्या बाजूला 'एस ५१' दिसलं तर मात्र जरा थांबावं. हा लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडचा ठसा. निवडक रायफलींवर दुर्बीण बसवून त्या नेमबाजांसाठी तयार करण्याचं काम या कंपनीकडे होतं. अमेरिकेच्या सॅव्हेज कंपनीचा ठसा म्हणजे चौकोनातला 'एस'.

सगळेच ठसे बनवणाऱ्याचे नसतात. बोल्टच्या, म्हणजे काडतूस नळीत ढकलून मागून बंद करणाऱ्या सरकत्या दांड्याच्या, पुढच्या तुकड्यावर ० ते ३ यांपैकी एक आकडा असतो, तो फक्त लांबी सांगतो. काडतुसामागची फट नेमकी राहावी म्हणून शस्त्रागारातले कारागीर त्यातून योग्य तुकडा निवडत. ठसा त्या एका भागाबद्दल बोलतो, अख्ख्या रायफलीबद्दल नाही. दुरुस्तीत हाताला येईल तो भाग बसवला जाई, त्यामुळे एकाच रायफलीत चार कारखाने नांदणं अगदी स्वाभाविक आहे. असली मिसळ पाहून तिला नकली ठरवणं मला अन्यायाचं वाटतं. उलट ती रायफल खरोखर वापरली गेली, हेच त्यातून दिसतं.

ठसा घासून काढला तरी तो पुरता जात नाही. पोलादावर ठोका बसला की दिसणाऱ्या खाचेच्या बऱ्याच खोलवर धातूचे स्फटिक दबतात, वेडेवाकडे होतात. पृष्ठभाग कानशीने सपाट केला, तरी खालचा हा दबलेला थर उरतो. त्यावर तांब्याचा क्षार मिसळलेलं आम्ल लावलं, की दबलेला भाग आणि आजूबाजूचं पोलाद सारख्या वेगाने झिजत नाही, आणि पुसलेला आकडा हळूहळू वर येतो. न्यायवैद्यक प्रयोगशाळा चोरीच्या शस्त्रांचे आणि गाड्यांच्या इंजिनांचे खोडलेले क्रमांक याच पद्धतीने वाचतात.