क्रिबच्या दोन दांड्यांत सहाच सेंटीमीटर का? बाळाच्या पलंगामागची पार्श्वभूमी

क्रिब घ्यायला गेलं की लोक आधी रंग बघतात, मग लाकूड, मग खाली ड्रॉवर आहे का ते. दांड्यांमधली फट एवढीशीच का ठेवलीय, कठडा खाली का सरकत नाही, कोपऱ्याचे खांब वरून सपाट का कापलेत, आत कडेने मऊ कापडाची झालर का नाही, हे फारसं कुणी विचारत नाही. खरं तर हेच विचारायला हवं, कारण यातलं काहीच दिसायला बरं म्हणून ठरलेलं नाहीये. जवळजवळ प्रत्येक मापाच्या आधी कुठेतरी बाळं गेलीत आणि मग ते माप कागदावर आलंय. बाळाची झोपायची जागा घरच्यांचं लक्ष नसतानाही, रात्रभर, एकटीने भरवशाची असायला हवी, म्हणून हा इतिहास माहीत असणं मला रंगापेक्षा खूप जास्त महत्त्वाचं वाटतं.

बाळाला वेगळं झोपवायची सोय तशी फार जुनी आहे. इसवी सन ७९ मध्ये इटलीतल्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या हर्क्युलेनियम शहरात जळून कोळसा झालेला लाकडी पाळणा सापडलाय, आत बाळाचे अवशेषही होते. पण शेकडो वर्षं लोकांना खरी भीती होती ती वेगळीच, रात्री झोपेत आईच्या नाहीतर दाईच्या अंगाखाली बाळ चेंगरायची. फ्लॉरेन्समध्ये त्यासाठी आर्कुच्चो नावाची कमानीची लाकडी चौकट वापरायचे, बाळावर ती ठेवायची म्हणजे शेजारी झोपलेलं माणूस कुशीवर वळलं तरी भार चौकटीवर यायचा. १७३२ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात या चौकटीची माहिती छापून आली, आणि त्यात असंही होतं की तिथल्या दायांना ती वापरणं सक्तीचं आहे, नाही वापरली तर धर्मबहिष्कार. म्हणजे बाळाच्या झोपायच्या जागेवर नियम लावायचा विचार कारखाने येण्याच्या कितीतरी आधीचा आहे.

एकोणिसाव्या शतकात रोगजंतूंची माहिती झाली तशी लोखंडी पलंगांची चलती आली, कारण ते पुसता येतात, ढेकूण लपायला जागा नसते. त्याच सुमारास डॉक्टर मंडळी झोके देण्याच्याही विरोधात गेली, अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ एल. एमेट होल्ट यांनी १८९४ च्या आपल्या पुस्तकात तर बाळाचा पलंग न हलणाराच हवा असं बजावलं. झोका वाईट हे त्यांचं मत आज कुणी त्या जोरात मांडत नाही, पण उंच कठड्याचा आणि जागचा न हलणारा क्रिब घरोघरी पोचला तो या काळात.

आणि क्रिबबरोबर रंग आला. पांढरा, चकचकीत, आणि त्यात शिसं. दात येणारं बाळ समोर येईल ते चावतं, उभं राहायला लागलं की तोंडाच्या बरोबर समोर कठड्याची वरची पट्टी येते, त्यामुळे रंग थेट पोटात. १९१४ मध्ये बाल्टिमोरच्या थॉमस आणि ब्लॅकफॅन या डॉक्टरांनी एका लहान मुलाची केस छापली, क्रिबच्या कठड्याचा पांढरा रंग चावून चावून त्याला शिशाची विषबाधा झाली आणि तो गेला. हे १९१४ चं. अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर देशभर कडक बंदी आली १९७८ मध्ये, मर्यादा ०.०६ टक्के, आणि २००९ मध्ये ती आणखी खाली आणून ०.००९ टक्के केली. मधली चौसष्ट वर्षं मुलं कठडे चावतच होती. जुना, पिढीजात, सुंदर रंगवलेला क्रिब कुणी प्रेमाने देऊ केला तर मी म्हणूनच आधी रंगाचं विचारेन, आणि उत्तर नसेल तर नकोच म्हणेन.

आता ते सहा सेंटीमीटर. बाळाचं शरीर मोठ्या माणसासारखं नसतं, डोकं मोठं आणि कंबर लहान. दांड्यांमधली फट रुंद असली की झोपेत सरकत सरकत बाळाचे पाय बाहेर जातात, मग कंबर जाते, मग छाती, आणि डोकं मात्र आतच अडकतं. शरीर बाहेर लटकतंय आणि सगळा भार गळ्यावर. आवाजही होत नाही. वर्षानुवर्षं हे होत होतं आणि प्रत्येक घराला तो आपल्याच नशिबाचा अपघात वाटत होता, एकत्र मोजत कुणीच नव्हतं. अमेरिकेत १९६७ मध्ये वस्तूंच्या सुरक्षिततेवर एक राष्ट्रीय आयोग नेमला गेला, १९७० च्या त्याच्या अहवालात धोकादायक घरगुती वस्तूंमध्ये बाळाचं फर्निचरही होतं. त्यातूनच पुढे १९७२ च्या कायद्याने कन्झ्युमर प्रॉडक्ट सेफ्टी कमिशन उभं राहिलं आणि १९७३ मध्ये क्रिबचा नियम आला, दोन दांड्यांमधलं अंतर जास्तीत जास्त २ ३/८ इंच, म्हणजे साधारण ६ सेंटीमीटर. हा आकडा डोक्याच्या मापाचा नाही, कुल्ल्याच्या मापाचा आहे. डोकं अडकू नये असं वाटत असेल तर मुळात कंबरच बाहेर जाऊ द्यायची नाही, हा त्यामागचा विचार, आणि मला तो फार शहाणपणाचा वाटतो. युरोपच्या ईएन ७१६ या मानकात हेच अंतर ४.५ ते ६.५ सेंटीमीटर आहे, खालची मर्यादा अशासाठी की फार अरुंद फटीत हातपाय अडकतात.

गादीचंही तसंच. कठडा आणि गादी यांच्यात फट राहिली की बाळ तिथे तोंड खुपसून अडकतं, म्हणून अमेरिकेने आतलं मापच ठरवून टाकलं, साधारण ७१ बाय १३३ सेंटीमीटर, म्हणजे कुठलीही फुल साइझ गादी कुठल्याही फुल साइझ क्रिबमध्ये घट्ट बसावी. कोपऱ्यातल्या उंच खांबांना, कोरलेल्या मुठींना उभ्या राहिलेल्या बाळाचे कपडे नाहीतर गळ्यातली दोरी अडकून फास बसायचा, त्यामुळे ते खांबही कठड्याच्या बरोबरीला आले, फक्त दीड मिलिमीटर वर चाललं तर चाललं.

झालरीची, म्हणजे बंपरची गोष्ट जरा वेगळी आहे आणि ती मला सगळ्यात जास्त खटकते. फटी रुंद होत्या तोवर बंपरला काहीतरी काम होतं, डोकं फटीत जाऊ नये. १९७३ नंतर फट बंद झाली, काम संपलं, पण बंपर राहिले, उलट दुपट्यावरचं डिझाइन तेच बंपरवर असे सेट निघाले आणि लोक हौसेने घेत राहिले. दरम्यान बाळाला उताणं झोपवावं हे डॉक्टरांना कळत गेलं, अमेरिकेत १९९२ मध्ये तशी शिफारस झाली आणि १९९४ पासून ‘बॅक टू स्लीप’ मोहीम सुरू झाली, पुढच्या काही वर्षांत झोपेतल्या अचानक बालमृत्यूंचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. त्यातून लक्ष झोपायच्या जागेकडे वळलं, की तोंडाजवळ काय काय मऊ आहे. २००७ मध्ये एका अभ्यासात १९८५ ते २००५ या काळातले बंपरशी संबंधित २७ मृत्यू मांडले गेले, चेहरा बंपरला टेकून गुदमरणं नाहीतर त्याची बांधायची नाडी गळ्याभोवती येणं. २०११ मध्ये अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने बंपर नकोच म्हटलं, आणि देशभरात विक्रीवर बंदी यायला २०२२ उजाडलं. काम संपलेली वस्तू नुसत्या शोभेपायी जवळजवळ पन्नास वर्षं बाळाच्या तोंडाजवळ राहिली.

टिकाऊपणाचा धडा मात्र खाली सरकणाऱ्या कठड्याने दिला. ही सोय लोकांना मनापासून आवडायची आणि का ते समजतं, कमरेत न वाकता बाळ उचलता येतं, बाळंतपणानंतर पाठ दुखत असताना तर हे फार मोठं सुख. पण सरकायचं म्हणजे कठडा फ्रेमला पक्का जोडलेला नाही, तो खाचेत, खिट्टीवर आणि दोनचार क्लिपांवर उभा आहे, आणि पुढे पुढे या क्लिपा प्लास्टिकच्या आल्या. रोज खालीवर, त्यात बाळ उभं राहून कठडा धरून गदागदा हलवतंय, त्यात घर बदललं की सगळं खोलून परत जोडायचं, एखादा स्क्रू हरवला की हाताला लागेल तो लावायचा, कुणी कठडा चुकून उलटाच बसवायचा. क्लिप एका बाजूने तुटली की कठडा त्या कोपऱ्यातून सुटून तिरका होतो, गादी आणि कठडा यांच्यात खाली निमुळती होत जाणारी फट पडते, आणि बाळ लोळत नेमकं तिथे जातं. १९७३ मध्ये दांड्यांच्या मधली जी फट बंद केली होती, तीच ढिल्या जोडामुळे दुसऱ्या जागी परत उघडली. २००० नंतरच्या दहा वर्षांत अशा क्रिबमध्ये किमान ३२ बाळं गेल्याचं कमिशनने सांगितलं. २००७ ते २०१० मध्ये १ कोटी १० लाखांहून जास्त क्रिब परत मागवले गेले, त्यात नोव्हेंबर २००९ च्या एकाच रिकॉलमध्ये २१ लाख होते.

डिसेंबर २०१० मध्ये कमिशनने एकमताने नवा नियम केला आणि २८ जून २०११ पासून खाली सरकणाऱ्या पारंपरिक कठड्याचे क्रिब अमेरिकेत बनवायला, विकायलाच नव्हे तर जुने म्हणून पुन्हा विकायलाही बंदी आली. सगळ्यांना आठवतो तो कठडा, पण याच नियमात बाकीचंही होतं आणि ते तितकंच मोलाचं आहे, दांड्यांचं लाकूड जास्त मजबूत हवं, गादीखालचा आधार टिकाऊ हवा, नटबोल्ट आपोआप ढिले होऊ नयेत अशी सोय हवी, आणि चाचण्या आधीपेक्षा कडक हव्यात. थेट लाकडात घुसणारा स्क्रू तीनचार वेळा काढून घातला की लाकडातले आटे जातात, मग तो कितीही आवळा, नुसता फिरत राहतो. धातूच्या नटमध्ये बसणारा बोल्ट तसा दगा देत नाही. क्रिबच्या बाबतीत टिकाऊ आणि सुरक्षित या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच, जोड ढिला झाला की मापं बदलतात आणि कागदावर पास झालेला क्रिब प्रत्यक्षात नापास होतो.

आणि एक दुःखद गोष्ट याच इतिहासात आहे. १९९८ मध्ये शिकागोत दीड वर्षाचाही न झालेला एक मुलगा बेबीसिटरकडे घडीच्या क्रिबमध्ये झोपला असताना त्याचा वरचा कठडा मिटला आणि त्यात अडकून मुलाचा जीव गेला. तो क्रिब पाच वर्षं आधीच परत मागवलेला होता, फक्त ज्यांच्या घरात होता त्यांच्यापर्यंत ते पोचलंच नव्हतं. आईवडिलांनी दहा वर्षं पाठपुरावा केला आणि २००८ च्या कायद्यात त्या मुलाच्या नावाचं कलम आलं, क्रिबसारख्या वस्तूंच्या सक्तीच्या चाचण्या आणि प्रत्येक वस्तूबरोबर मालकाच्या नोंदणीचं कार्ड. बॉक्समधून निघणारं जे कार्ड आपण पुठ्ठ्याबरोबर फेकून देतो ते हेच, ते भरलं तर रिकॉलची खबर कंपनी थेट तुम्हाला कळवू शकते.

म्हणून कुणाचा वापरलेला क्रिब घरी येणार असेल तर मॉडेल नंबर आणि बनल्याची तारीख आधी बघा, लेबलच नसेल तर तो घेऊ नका. कठडा सरकणारा असेल तरी नको. मग टेप घेऊन दांड्यांमधली फट मोजा, गादी आणि कठड्याच्या मध्ये दोन बोटं जात असतील तर ती गादी त्या क्रिबची नाही. आणि चारही कोपरे धरून जोर लावून हलवा, बाळ उभं राहून हलवतं तसं, एखादा जोड करकरला की बोल्ट आवळा, बोल्ट नुसताच फिरत असेल तर कंपनीचा सुटा भाग मागवा, दोरी नाहीतर चिकटपट्टी लावून भागवू नका. हे हलवून बघणं जोडणीच्या दिवशी एकदा करून सोडून द्यायचं नाही, बाळ धरून उभं राहायला लागलं की परत करा आणि त्याच वेळी गादी सगळ्यात खालच्या पायरीवर घ्या.