‘लहानपणी येऊन गेला असेल’

रुग्णालयात नव्याने रुजू झालेल्या सिस्टरला किंवा इंटर्नला, लस द्यायला हवी का हे ठरवण्यासाठी, ‘गोवर येऊन गेलाय का?’ असं विचारलं, की बहुतेकदा उत्तर मिळतं, ‘लहानपणी येऊन गेला असेल.’ फार तर घरी फोन होतो. आईला अंगभर पुरळ आठवतं, कडुनिंबाच्या पाल्यावर निजवलेलं आठवतं. पण तो गोवर होता, रुबेला होता की नुसतं घामोळं, हे पंचवीस वर्षांनी कोण सांगणार?

एकदा झालेला गोवर सहसा पुन्हा होत नाही, हे खरंच आहे. १८४६ मध्ये डेन्मार्कच्या फेरो बेटांवर गोवराची साथ आली आणि पावणेआठ हजार वस्तीतले सहा हजारांहून अधिक लोक आजारी पडले. तिथे गेलेल्या पानुम या तरुण डॅनिश डॉक्टरने पाहिलं, की १७८१ च्या साथीत गोवर झालेल्या म्हाताऱ्यांना पासष्ट वर्षांनंतरही तो शिवला नाही. पण त्या म्हाताऱ्यांना झालेला गोवर अख्ख्या बेटाने पाहिलेला होता. आपल्याकडे प्रत्येक पुरळाला गोवर म्हणायची पद्धत आहे.

गोवराचा रुग्ण पुरळ उठण्याआधी चार दिवसांपासूनच विषाणू पसरवतो. तेव्हा तो ओपीडीत ताप-सर्दीचं पोर म्हणूनच बसलेला असतो. त्याला घेऊन गेल्यावरही दोन तासांपर्यंत त्या खोलीच्या हवेत विषाणू टिकू शकतो. जवळ आलेल्या, संरक्षण नसलेल्या दहापैकी नऊ जणांपर्यंत लागण होऊ शकते. निदान होऊन मास्क चढेपर्यंत केसपेपर काढणारा, लादी पुसणाऱ्या मावशी, एक्स-रेवाला असे सगळे त्या हवेत श्वास घेऊन गेलेले असतात. म्हणून लस फक्त डॉक्टर-सिस्टरांपुरती ठेवणं मला अपुरं वाटतं.

आज नोकरीत असलेल्या पिढीची अडचण वेगळीच आहे. राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात गोवराची लस १९८५ मध्ये आली, पण दुसरा डोस २०१० पासून. एका डोसने शंभरातले साधारण ९३ सुरक्षित होतात, दोन डोसांनी ९७. फरक किरकोळ वाटतो, पण हजार कर्मचाऱ्यांच्या रुग्णालयात तो सत्तर असुरक्षित की तीस असा दिसतो. महाराष्ट्रात गोवर-रुबेला मोहीम नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झाली, तीही पंधरा वर्षांखालच्या मुलांसाठी. तेव्हा ते वय ओलांडलेल्या कितीतरी मुली आज प्रसूती कक्षात काम करतात. गरोदरपणाच्या सुरुवातीला रुबेला झाला, तर बाळाला मोतीबिंदू, बहिरेपण, हृदयदोष होऊ शकतात. ऑस्ट्रेलियातले नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी हा संबंध १९४१ मध्येच दाखवला होता. गोवर-रुबेलाची लस जिवंत विषाणूची असल्याने गरोदरपणात देत नाहीत, म्हणजे ती आधीच घ्यावी लागते.

कांजिण्यांचं थोडं निराळं. ते पाण्याचे फोड आई सहसा विसरत नाही, म्हणून ‘झाल्या होत्या’ हे उत्तर बऱ्यापैकी भरवशाचं. ‘नाही झाल्या’ म्हणणाऱ्या अनेकांच्या रक्तातही अँटिबॉडी, म्हणजे त्या आजाराविरुद्धची प्रतिद्रव्यं, सापडतात. पण उष्ण प्रदेशात हा आजार थोड्या मोठ्या वयात होतो, त्यामुळे विशीपर्यंत कांजिण्या न झालेली माणसं आपल्याकडे पुष्कळ. मोठ्यांमध्ये कांजिण्यांतून न्यूमोनिया होण्याचा धोका अधिक असतो. कांजिण्यांची लस सरकारी वेळापत्रकात नाही, पदरचे पैसे घालावे लागतात.

२०२२ मध्ये मुंबईत गोवंडी परिसरात गोवर पसरला, कस्तुरबा रुग्णालयात मुलं दाखल झाली. नऊ महिन्यांखालच्या बाळाला एरवी गोवराची लस दिलीच जात नाही. ते वॉर्डात असतं, तेव्हा त्याला उचलणाऱ्या प्रत्येकाची प्रतिकारशक्ती हेच त्याचं संरक्षण.

अमेरिकेत तोंडी उत्तर चालत नाही. दोन डोसांची लेखी नोंद किंवा रक्ततपासणीसारखा पुरावा लागतो. पुरावा नसलेला कर्मचारी गोवराच्या संपर्कात आला, तर पाचव्या दिवसापासून एकविसाव्या दिवसापर्यंत त्याला कामावर येऊ देत नाहीत. संपर्कानंतर ७२ तासांत लस घेतली तर आजार टळू शकतो, पण तेवढ्या वेळात निदान व्हायला हवं ना! आणि हाच नियम आपल्याकडे लावला, तर कंत्राटावरच्या मावशींचा सतरा दिवसांचा पगार कोण देणार? आधीच प्रतिकारशक्ती असलेल्याला आणखी एक डोस मिळाला तर काही अपाय होत नाही. रुजू होताना हिपॅटायटिस-बीची लस विचारतात, त्याच फॉर्मवर गोवर-रुबेला आणि कांजिण्या असे आणखी दोन रकाने हवेत, आणि तो फॉर्म मावशींनाही द्यायला हवा.