काळा एप्रिल

व्हिएतनामबाहेर स्थायिक झालेल्या दक्षिण व्हिएतनामी निर्वासितांचा वार्षिक शोकदिन व त्याच्याशी निगडित स्मरणविधी. ३० एप्रिल १९७५ रोजी उत्तर व्हिएतनामी सैन्याने सायगॉन घेतले आणि व्हिएतनाम प्रजासत्ताक (दक्षिण व्हिएतनाम) संपुष्टात आले. व्हिएतनाममध्ये ही तारीख एकीकरणाचा राष्ट्रीय सण आहे. परदेशस्थ समाजात ती ‘थांग तू डेन’ (काळा एप्रिल) म्हणून पाळली जाते. कॅनडाच्या संसदेने २०१५ मध्ये कायदा करून ३० एप्रिल हा ‘स्वातंत्र्यप्रवास दिन’ ठरविला, तेव्हा व्हिएतनाम सरकारने निषेध नोंदविला होता.

स्थलांतराचे टप्पे वेगवेगळे असल्याने स्मरणाचे आशयही वेगळे आहेत. १९७५ च्या वसंतात अमेरिकेने सुमारे १,३०,००० लोकांना आश्रय दिला. यांत अधिकारी, सैनिक व त्यांची कुटुंबे अधिक होती. १९७८-७९ मधील होडीवाल्या (होडीतून समुद्रमार्गे देश सोडलेल्या) निर्वासितांत चिनी वंशाचे व्यापारी मोठ्या संख्येने होते. नव्या राजवटीने जुन्या सैनिक-अधिकाऱ्यांना जेथे डांबले त्या ‘पुनर्शिक्षण’ छावण्यांतून सुटलेले कैदी त्यानंतर, मुख्यतः १९९० च्या दशकात, अमेरिकेत आले.

समुद्रात किती जण मेले, हा या विषयातील सर्वांत वादग्रस्त प्रश्न. समारंभांतून दोन ते चार लाख हा आकडा ऐकू येतो व तो बहुधा संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाच्या नावावर सांगितला जातो. मात्र किनाऱ्यावरून निघालेल्यांची नोंद कोणीच ठेवली नव्हती. नोंद झाली ती पोहोचलेल्यांची. १९७५ ते १९९५ या काळात होडीने आश्रयदेशांत उतरलेले व्हिएतनामी सुमारे आठ लाख होते. म्हणजे दोन लाख मृत्यू धरल्यास निघालेल्या पाचांपैकी एक, तर चार लाख धरल्यास तिघांपैकी एक बुडाला वा मारला गेला, असे मानावे लागते. याच उच्चायुक्तालयाच्या माहितीनुसार १९८१ मध्ये थायलंडला लागलेल्या ४५२ होड्यांतून १५,४७९ निर्वासित आले. त्यांपैकी ३४९ होड्यांवर चाच्यांनी सरासरी तीन-तीनदा हल्ले केले होते आणि ८८१ जण मृत वा बेपत्ता होते. हे प्रमाण वरील दोन्हींपेक्षा बरेच कमी आहे. परंतु जी होडी कोणासकट उरलीच नाही, ती या हिशेबात येत नाही. तरीही चार लाखांचा आकडा जपूनच वापरणे इष्ट.

घरगुती स्मरण चांद्र तिथीने होते. पितरांच्या देव्हाऱ्यापुढे उदबत्ती व मृताच्या आवडीचे पदार्थ ठेवतात. समुद्रात नाहीसा झालेल्याची तिथी ठाऊक नसल्यास होडी निघाली तो दिवस धरण्याची रीत अनेक कुटुंबांत आहे. सातव्या चांद्र महिन्याच्या पौर्णिमेस ज्यांना पाणी देणारे कोणी नाही अशा भटक्या आत्म्यांसाठी पातळ पेज, तांदूळ व मीठ मांडतात. आपल्याकडच्या सर्वपित्री अमावास्येशी याचे नाते जोडण्याचा मोह होतो, पण हा व्हिएतनामी विधी बौद्ध व चिनी परंपरेतून आलेला आहे. कॅथलिक कुटुंबांत मृतांसाठी मिस्सा (चर्चमधील प्रार्थनाविधी) असतो.

सार्वजनिक समारंभात पिवळ्या पटावर तीन तांबड्या आडव्या पट्ट्यांचा जुना ध्वज, जुने राष्ट्रगीत आणि गणवेशातील वृद्ध सैनिक हमखास असतात. पराभवाच्या त्या दिवसांत आत्महत्या केलेल्या पाच सेनानींच्या तसबिरीही मांडल्या जातात. वॉशिंग्टनमधील व्हिएतनाम युद्धस्मारकाच्या भिंतीवर ५८,००० हून अधिक अमेरिकन मृतांची नावे आहेत. दक्षिण व्हिएतनामी सैनिकांची त्यांत नाहीत आणि हानोईच्या हुतात्म्यांतही त्यांना स्थान नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी कॅलिफोर्नियातील वेस्टमिन्स्टर येथे २००३ मध्ये अमेरिकन व दक्षिण व्हिएतनामी सैनिकांचे जोडपुतळे उभारले गेले, असे म्हणता येते. याच शहरातील दफनभूमीत २००९ पासून होडीवाल्यांचे स्मारक आहे. ओटावातील निर्वासित माता व बालकाचे शिल्प त्याहून जुने (१९९५).

मायदेशाजवळच्या खुणा मात्र टिकल्या नाहीत. मलेशियातील पुलाउ बिडाँग व इंडोनेशियातील गलांग या जुन्या छावण्यांच्या जागी २००५ मध्ये माजी निर्वासितांनी लावलेली स्मारके व्हिएतनामच्या आक्षेपानंतर काढण्यात आली. खुद्द व्हिएतनाममधील बिएन होआ येथील दक्षिण व्हिएतनामी लष्करी दफनभूमी मात्र उरली असून, ती २००६ मध्ये मुलकी प्रशासनाकडे गेल्यावर नातेवाइकांना तेथे जाणे तुलनेने सोपे झाले.

ध्वजाभोवतीच्या या स्मरणात चिनी वंशाचे निर्वासित क्वचितच स्वतंत्रपणे दिसतात. जर्मनीत हॅम्बुर्गच्या धक्क्यावर ‘काप आनामुर’ या बचावनौकेचे स्मारक (२००९) आहे. पण पूर्व जर्मनीत कंत्राटी कामगार म्हणून आलेले व्हिएतनामी बहुतांशी उत्तरेचे असल्याने त्यांच्यात काळा एप्रिल सहसा पाळला जात नाही.