कॉस्प्लेचा पोशाख शिवायला देण्यापूर्वी

मुंबई-पुण्याच्या कॉमिक कॉनला, म्हणजे कॉमिक्स-सिनेमांच्या चाहत्यांच्या मेळाव्याला, आवडत्या पात्राचा वेश करून (यालाच कॉस्प्ले म्हणतात) जाणारी सोलापूरची मुलंमुली हल्ली तयार पोशाख ऑनलाइन न मागवता आमच्याकडे शिवायला टाकतात. हे काम आम्हाला मनापासून आवडतं. फोटोपुरता पोशाख कुठेही मिळेल. पण तो घालून तुम्हाला दिवसभर गर्दीत उभं राहायचंय, जिने चढायचेत, खाली बसून वडापाव खायचाय. म्हणून पात्र कोणतंही असो, आम्ही त्याच्याकडे आधी अंगात घालायचा कपडा म्हणूनच बघतो.

येताना समोरून काढलेलं एकच चित्र आणू नका. पाठ, बाजू, बाहीचं टोक, पट्टा कुठे अडकतो, हे सगळं दिसलं पाहिजे. जपानी धर्तीचा झगा असेल तर चित्र उलटं छापलेलं नाही ना, तेही बघा. किमोनोत घालणाऱ्याची डावी बाजू उजवीवर येते, मग तो पुरुषाचा असो वा बाईचा. उजवी बाजू वर फक्त मृताला नेसवताना घेतात. जाणकार माणूस ही चूक लांबूनच ओळखतो.

कापडाची निवड आपण मिळून करू. चकचकीत सॅटिन सगळ्यांना आधी आवडतं, पण फ्लॅशमध्ये ते पांढरं मारतं आणि त्याची प्रत्येक सुरकुती दिसते. कोटासाठी ट्विल, झग्यासाठी क्रेप किंवा जाड सुती कापड आम्हाला जास्त पसंत आहे. रंग मोबाईलच्या पडद्यावर ठरवू नका, दुकानाबाहेर उजेडात कापड धरून बघा. सुती कापड आटतं, त्यामुळे ते भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच आम्ही कापतो. त्यात एक दिवस जातो, तो धरून चाला. अस्तर शक्यतो मलमलचं घ्या. मुंबईच्या दमट हवेत पॉलिएस्टरचं अस्तर अंगाला चिकटतं.

पाठीवरच्या मोठ्या केपला किती कापड लागेल, हे प्रत्येक जण विचारतो. 50 इंच लांबीचा अर्धगोल केप 58 इंच पन्ह्याच्या (रुंदीच्या) सुमारे 3 मीटर कापडात निघतो. पूर्ण गोल हवा असेल तर साधारण साडेपाच मीटर लागतं आणि मध्ये जोड येतो. 44 पन्ह्यात अर्धगोललासुद्धा जोड द्यावा लागतो. घरात 60 बाय 90 इंचाची सोलापुरी चादर असेल तर जरूर घेऊन या. तिच्यात 45 इंच त्रिज्येचा अर्धगोल बसतो, गळा कापल्यावर 40 इंच लांबी हातात राहते. जॅकार्डची नक्षी आणि चादरीचं वजन यामुळे राजा, सरदार, भटका योद्धा अशा पात्रांना ती फार शोभते.

मावळा किंवा जुन्या काळचा लढवय्या करणार असाल तर बाराबंदी सुचवू. सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वज पेलणाऱ्यांच्या अंगात पांढरी बाराबंदी आपण सगळ्यांनीच पाहिली आहे. बटणं नाहीत, सगळा भार बंदांवर. हात वर केला तरी ती ओढत नाही, आणि दोन वर्षांनी अंग भरलं तरी बंद सैल बांधता येतात. काल्पनिक योद्ध्यांसाठीही आम्ही हाच बेत रंग आणि काठ बदलून वापरतो.

माप द्यायला येताना त्या दिवशी घालणार तेच बूट आणि आतले कपडे घालून या. टाच दोन इंच उंच असली की घेराची उंची तेवढीच बदलते. फोमचं चिलखत आम्ही करत नाही, पण त्यावर कोट बसवायचा असेल तर चिलखत आधी तयार हवं, कारण छाती आणि मुंढा (बाही जोडतात तो घेर) त्याच्यावरूनच मोजावा लागतो. अवघड कटिंग आधी मांजरपाटात कच्चं शिवून घालून बघतो. या ट्रायलला खाली बसा, हात डोक्यावर न्या, वाका. जिथे ताणेल ते तेव्हाच सांगा; खरं कापड कापल्यावर जागा वाढवायला फक्त शिलाईत आत दाबलेलं कापड उरतं. शिरस्त्राण घालणार असाल तर आतून टेरी टॉवेलचा तुकडा लावून देतो, घाम टिपतो.

साध्या पोशाखाला तीन आठवडे लागतात, पायपिंग आणि खांदपट्ट्यांच्या लष्करी कोटाला दीड महिना. एप्रिल ते जून शाळांच्या गणवेशांचं काम अंगावर असतं, त्या काळात तारीख आधी विचारून घ्या. शेवटची ट्रायल कार्यक्रमाच्या आठ दिवस आधी झालीच पाहिजे, यावर आम्ही अडून बसतो.

तलवार, भाला, बंदूक यांबाबत आयोजकांचे नियम तिकीट काढतानाच वाचा. प्रवेशद्वाराशी तपासणी होते. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्रीत जाणार असाल तर तसं आधी सांगा, म्हणजे केप, खांद्याचे भाग आणि पट्टे वेल्क्रो किंवा हुकाने सुटे होतील असे शिवतो आणि सगळं एका बॅगेत मावतं.

परत आल्यावर पोशाख घामासकट गुंडाळून ठेवू नका. सुटे भाग काढा, अस्तर बाहेर करून सावलीत वाळवा, मग गार पाण्यात हाताने धुवा. फोम चिकटवलेला भाग ओल्या फडक्याने पुसा आणि बंद गाडीत उन्हात सोडू नका, गोंद सुटतो. उरलेलं कापड, जास्तीचे हुक आणि त्याच रंगाचा दोरा पोशाखाबरोबर आम्ही देतोच. ती पुडी कार्यक्रमाला जातानाही बॅगेत असू द्या.