एक इंच स्नोची वाट: अमेरिकेच्या साउथमधल्या हवामानवेड्यांची पार्श्वभूमी

डिसेंबरचा शेवटचा आठवडा, दुपारी १८-१९ सेल्सिअस, पोरं हाफ पँटवर बास्केटबॉल खेळतायत, आणि आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारे एक रिटायर्ड आजोबा गवतात दीड फुटाची प्लायवूडची फळी मांडून ठेवतायत. फळीला पांढरा रंग दिलाय आणि कडेला एक काठी रोवलीये. काठी कशाला, तर स्नो पडला की फळी त्याखाली नेमकी कुठे आहे ते कळायला हवं. रंग पांढरा कशाला, तर गडद रंग ऊन शोषून गरम होतो आणि पहिले कण त्यावर टिकत नाहीत. मी नॉर्थ कॅरोलायनात रालीजवळ राहायला आले त्या पहिल्या हिवाळ्यात मला हे बघून फार नवल वाटलं होतं, कारण इथे वर्षाला सरासरी पाच इंचांच्या आसपास स्नो पडतो, अटलांटाला तर जेमतेम दोन, आणि सरासरी म्हणजे तरी काय, काही वर्षं जवळजवळ काहीच नाही आणि मग एखाद्या वर्षी एकदम, असं.

पण ही फळी एकट्या आजोबांची नाही. अमेरिकेच्या दक्षिणेत अशी हजारो माणसं आहेत जी नोव्हेंबरपासून आकाशाकडे बघत असतात. ही हौस कुठून आली ते शोधायला लागले तेव्हा कळलं की ती या देशाहूनही जुनी आहे.

१७७२ च्या जानेवारीत व्हर्जिनियात साधारण तीन फूट स्नो पडला. तेव्हा अमेरिका नावाचा देशच नव्हता. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॉर्ज वॉशिंग्टन आणि थॉमस जेफरसन दोघांनीही आपापल्या घरी त्याची नोंद करून ठेवली, म्हणून आजही त्या वादळाला त्या दोघांच्या नावाने ओळखतात. जेफरसन तर पुढे पक्का हवामानवेडा झाला, १७७६ च्या जुलैत, म्हणजे स्वातंत्र्याचा जाहीरनामा चालला होता त्याच दिवसांत त्याने फिलाडेल्फियात थर्मामीटर विकत घेतला आणि पुढे कित्येक वर्षं नियमाने तापमान लिहीत राहिला. १८९० नंतर सरकारने सामान्य माणसांना हाताशी धरून पाऊस-तापमान मोजायचं काम रीतसर सुरू केलं, शेतकरी, मास्तर, पोस्टातली माणसं, सगळे स्वयंसेवक. आजोबांची फळी याच परंपरेतली आहे, आणि तिच्यावरची नोंद इंचाच्या दहाव्या भागापर्यंत करायची असते. त्याहून कमी असेल तर वहीत फक्त ‘ट्रेस’ लिहायचं. ट्रेस म्हणजे पडला, दिसला, पण मोजण्याइतका नाही. इथल्या माणसाला हा शब्द किती लागतो ते एक हिवाळा इथे काढल्याशिवाय कळणार नाही.

आशेला आधार लागतो आणि तो इथल्या लोकांना इतिहासानेच दिलाय. १८९५ च्या फेब्रुवारीत टेक्ससच्या ह्यूस्टनमध्ये २० इंच स्नो पडला होता, ह्यूस्टनमध्ये, जिथे जानेवारीतही एसी लागतो. १८९९ च्या फेब्रुवारीत तर थंडीची अशी लाट आली की फ्लोरिडाची राजधानी टॅलाहासी उणे १९ सेल्सिअसला गेली, तो त्या राज्याचा विक्रम आजही मोडलेला नाही, आणि मिसिसिपी नदीतून बर्फाचे तुकडे वाहत थेट मेक्सिकोच्या आखातात गेले. टॅलाहासीच्या विधानभवनाच्या पायऱ्यांवर कोट-टोप्या घातलेली माणसं एकमेकांवर स्नोचे गोळे फेकतायत असा त्या वेळचा एक फोटो आहे. १९७३ च्या फेब्रुवारीत साउथ कॅरोलायनातल्या रिमिनी या छोट्या गावात २४ इंच आणि जॉर्जियाच्या मेकनमध्ये १६ इंचांच्या वर. १९७७ च्या १९ जानेवारीला सकाळी चक्क मायामीत कण दिसले, जमिनीवर टेकताच विरघळले, पण दिसले. आणि १९८९ च्या ख्रिसमसच्या तोंडावर आमच्याच राज्यातल्या समुद्रकाठच्या विल्मिंग्टनला १५ इंच! इथल्या जुन्या माणसांना या तारखा आपल्या लोकांना ६७ चा भूकंप किंवा ७२ चा दुष्काळ आठवतो तशा आठवतात, तेव्हा आम्ही कुठे होतो, कुणाकडे अडकलो, चुलीवर काय शिजवलं, सगळं.

मशीन नव्हती तेव्हा अंदाज कसा बांधायचे? ते वाचताना मला गावची आठवण आली. ऑगस्टमध्ये जितक्या सकाळी धुकं पडेल तितक्या वेळा हिवाळ्यात स्नो. पर्सिमन फळाची बी उभी चिरायची, आत चमच्याचा आकार दिसला तर स्नो भरपूर, काटा दिसला तर हिवाळा सौम्य, सुरी दिसली तर बोचरी थंडी. हिवाळ्यात ढग गडगडले की आठ-दहा दिवसांत स्नो. आणि एक केसाळ सुरवंट असतो, त्याच्या अंगावर तेरा पट्टे, हिवाळ्याचे तेरा आठवडे, काळा पट्टा म्हणजे थंडी. बॅनर एल्क नावाच्या डोंगरातल्या गावी १९७८ पासून त्या सुरवंटांची जत्रा भरते, दोरीवर चढायची शर्यत लावतात आणि जिंकलेल्या सुरवंटाचे पट्टे वाचून हिवाळा सांगतात. आपल्याकडे बुलढाण्यात भेंडवळची घटमांडणी असते, कावळ्याने घरटं किती उंच बांधलं ते बघतात, नक्षत्राचं वाहन बेडूक की म्हैस ते पंचांगात शोधतात, तसंच हे. ज्याच्यावर आपला काही इलाज चालत नाही त्याची वाट बघताना माणूस हाताशी असेल ते वाचायला लागतो.

आता मुख्य मुद्दा, हा स्नो इतका दुर्मिळ का? थंडी नाही म्हणून असं सगळ्यांना वाटतं पण ते अर्धंच खरं आहे, इथे जानेवारीत पहाटे शून्याखाली सहज जातं. अडचण अशी की थंडी असते तेव्हा आभाळ कोरडं असतं आणि आखातावरून ओलावा येतो तेव्हा सोबत गरम हवा घेऊन येतो. दोन्ही एकाच वेळी, एकाच जागी, योग्य उंचीवर भेटायला हवेत. ते जमवून आणतो अ‍ॅपलाचियन डोंगर. आपला सह्याद्री पावसाळी वारे अडवतो ना, तसा हा थंड हवा अडवतो. न्यू इंग्लंड-न्यू यॉर्कच्या बाजूला जास्त दाबाचं क्षेत्र ठाण मांडून बसलं की तिथली जड, कोरडी, थंड हवा डोंगराच्या पूर्वेच्या कडेने खाली घरंगळत येते, डोंगर चढून पलीकडे जाता येत नाही (इथलं माउंट मिचेल २०३७ मीटर, आपल्या कळसूबाईपेक्षा चांगलं चारशे मीटर उंच) म्हणून ती कॅरोलायना आणि जॉर्जियाच्या अंगणात साचून राहते. इथे त्याला ‘वेज’ म्हणतात, आपली पाचर. दोन हजार सालापूर्वीपासून इथे राहणारा कुठलाही हौशी माणूस तुम्हाला दूधवाल्याच्या हिशेबासारखं तोंडपाठ सांगेल की कुठल्या वर्षी पाचर कुठपर्यंत बसली होती.

आणि पाचर बसली तरी काम होत नाही, कारण ती पातळ असते. तिच्या वरून, चार-पाच हजार फुटांवरून आखाताची उबदार हवा नाकासारखी पुढे घुसते, तिला नावच ‘वॉर्म नोज’. वरून छान स्नोचे कण निघाले, या उबदार थरात वितळून थेंब झाले, खाली थंड हवेत पुन्हा गोठले तर स्लीट, आणि गोठायला वेळच मिळाला नाही तर थेंब तसाच येऊन झाडाच्या फांदीवर, विजेच्या तारेवर गोठतो, ते फ्रीझिंग रेन, म्हणजे दिवे गेलेच. एक-दोन अंशांचा खेळ. कितीतरी वेळा आमच्या काउंटीच्या पश्चिमेला चार इंच स्नो आणि पूर्वेला नुसता गार पाऊस असं झालंय, रेघ गावाच्या मधून जाते. माझी मैत्रीण वीस मिनिटांवर राहते, तिची पोरं स्नोमॅन करत होती आणि माझी पोरं खिडकीत बसून पाणी बघत होती.

या रेघेच्या नादात अंदाज चुकतात, आणि चुकले तर केवढे चुकतात त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण २००० सालच्या २४-२५ जानेवारीचं. कॉम्प्युटर मॉडेल सांगत होती की वादळ समुद्रावरून निघून जाईल. राली निवांत झोपली, उठली तर विमानतळावर २०.३ इंच, आजवरचा विक्रम! नंतर इथल्याच नॉर्थ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी मुळापर्यंत जाऊन शोधलं, तर आदल्या दिवशी दक्षिणेत झालेल्या गडगडाटी पावसातून जी उष्णता बाहेर पडली तिने वरचे वारे बदलले आणि ओलावा समुद्राऐवजी जमिनीवर ढकलला, आणि मॉडेलना तो पाऊसच नीट पकडता आला नव्हता. गंमत बघा, त्याच्या सातच वर्षं आधी, १९९३ च्या मार्चमधलं शतकातलं मोठं वादळ याच हवामान खात्याने पाच दिवस आधी सांगितलं होतं, अलाबामाच्या बर्मिंगहॅममध्ये १३ इंच पडला. म्हणून इथला हौशी माणूस ‘नाही पडणार’ या अंदाजावरही पूर्ण विश्वास ठेवत नाही, त्याच्या मनात २००० ची ती सकाळ असते. आणि म्हणूनच रात्री साडेदहाला अमेरिकन मॉडेलचा नवा रन, म्हणजे ताजं गणित, यायला लागतो आणि एकच्या सुमाराला युरोपियन, तेव्हा लोक खरोखर जागे असतात.

एक इंच स्नोने इथे होतं काय, असं पुण्या-मुंबईचे नातेवाईक विचारतात आणि न्यू जर्सीवाले तर हसतातच. त्यांनी २००५ ची १९ जानेवारी आठवावी, राली, जेमतेम इंचभर स्नो, पण रस्ता इतका गार की चाकांखाली वितळला आणि लगेच काच होऊन गोठला, मुलं रात्रभर शाळेत राहिली. २०१४ च्या २८ जानेवारीला अटलांटात अडीच इंच, ऑफिसं आणि शाळा दुपारी एकदमच सुटल्या, लोकांनी हायवेवर गाडीत रात्र काढली, काहींनी दुकानांच्या फरशीवर. दोनच आठवड्यांनी आमच्याकडे ग्लेनवुड अव्हेन्यूच्या चढावर अडकलेल्या गाड्या आणि मध्ये एक पेटलेली गाडी, तो फोटो जगभर फिरला. नांगर लावलेले ट्रक कमी, स्नो टायर कुणाकडे नाहीत, आणि मुळात इथे पडतो तो गोठणबिंदूच्या काठावरचा ओला स्नो, तो सगळ्यात निसरडा. म्हणून अंदाज आला की दुकानातला ब्रेड आणि दूध आधी संपतं, आणि पोरं उलटा पायजमा घालून उशीखाली चमचा ठेवून झोपतात, म्हणजे शाळेला सुट्टी मिळते. मिळालीच तर सकाळी ताजा स्नो परातीत घेऊन त्यात दूध, साखर, व्हॅनिला घालून स्नो क्रीम. आम्ही वेलची घालतो.

यात आपल्या पुण्याचा धागा आहे आणि तो मला सगळ्यात जवळचा वाटतो. हिवाळा सौम्य जाणार की कडक हे बघायला इथे सगळे दोन गोष्टी आधी विचारतात, एल निनो की ला निना (प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा गरम की गार), आणि नॉर्थ अटलांटिक ऑसिलेशन, म्हणजे अटलांटिकवरच्या हवेच्या दाबाचा झोका, उणे आहे का. ला निना असली की जेट स्ट्रीम, म्हणजे खूप उंचावरचा वेगवान वाऱ्याचा पट्टा, उत्तरेला सरकतो आणि साउथचा हिवाळा उबदार, कोरडा जातो. ऑसिलेशन उणे झालं आणि ग्रीनलंडवर हवा अडली तर थंडी खाली येते, २००९-१० च्या हिवाळ्यात तसं झालं, तेव्हा डॅलसमध्येही फूटभर पडला. तर या अटलांटिकच्या झोक्याला नाव देणारा आणि एल निनोशी जोडलेलं सदर्न ऑसिलेशन (प्रशांत महासागरावरच्या दाबाचा तसाच झोका) मांडणारा माणूस एकच, गिल्बर्ट वॉकर, भारतीय हवामान खात्याचा १९०४ ते १९२४ मधला प्रमुख. १८९९ च्या दुष्काळात माणसं मेली, मान्सून आधी सांगता यायला हवा म्हणून या केंब्रिजच्या गणितज्ञाला आणलं. त्याने जगभरचे दाब-तापमानाचे आकडे गोळा केले आणि खात्यातल्या भारतीय कारकुनांनी हाताने ढीगभर आकडेमोड केली. मान्सूनचं कोडं सुटलं नाही, पण हे झोके सापडले. ते खातं तेव्हा सिमल्याला होतं, १९२८ मध्ये पुण्यात हललं, म्हणूनच शिवाजीनगरच्या स्टॉपला आजही सिमला ऑफिस म्हणतात. मी कॉलेजात असताना रोज तिथे बस बदलायचे. तिथल्या फाइलींमध्ये पावसासाठी लिहिलेले आकडे आज माझ्या शेजारचे आजोबा स्नोसाठी बघतात, आणि ते त्यांना मी सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडून ‘सिमला ऑफिस’चा उच्चार तीनदा म्हणवून घेतला.

२०२५ च्या आधीची काही वर्षं मात्र फार कोरडी गेली. २०२० ते २३ सलग तीन हिवाळे ला निना, मग २०२३-२४ ला जोरदार एल निनो आला, सगळे म्हणाले आता नक्की, तरीही रालीत मोजण्याइतका स्नो नाही. जानेवारी २०२२ नंतर हजारावर दिवस फळी कोरडी. हिवाळेही हळूहळू उबदार होतायत ते आकड्यांतच दिसतं, आणि ज्या ठिकाणी सगळा खेळ एका अंशाचा आहे तिथे तो एक अंश फार मोठा. मला याची काळजी वाटते, माझ्या पोरांच्या पोरांना इथे स्नो क्रीम मिळेल का असं खरंच मनात येतं. पण मग २०२५ च्या २१ जानेवारीला आखाताच्या काठावर हिमवादळ आलं, लुईझियानातल्या हवामान खात्याच्या लेक चार्ल्स ऑफिसने त्यांच्या इतिहासातला पहिला ब्लिझर्डचा इशारा दिला, न्यू ऑर्लीन्सच्या विमानतळावर ८ इंच, आणि फ्लोरिडातल्या मिल्टनला दहा इंचांच्या जवळ, जिथे राज्याचा आधीचा विक्रम ४ इंचांचा होता, १९५४ चा, तोही मिल्टनचाच.

आमची पाळी त्याच्या अकरा दिवस आधी येऊन गेली होती. १० जानेवारी, शुक्रवार, संध्याकाळी सुरू झाला. आजोबा हातात पट्टी आणि टॉर्च घेऊन बाहेर, मी शाल गुंडाळून त्यांच्या मागे, पोरं आमच्या मागे. त्यांनी काठी शोधली, फळीवर पट्टी उभी धरली, वाकून बघितलं आणि मलाही वाकून बघायला लावलं, कारण एकट्याचं वाचन चुकतं म्हणे. पाऊण इंच. तोवर कणांचा आवाज बदलायला लागला होता, टिक टिक टिक, शालीवर, वॉर्म नोज पोचलं होतं. त्यांनी वहीत ०.७ लिहिलं, वेळ लिहिली, फळी पुसून कोरडी केली आणि पुन्हा गवतात मांडली.