आयर्विन पूल, पंचेचाळीस फूट आणि दोनच उत्तरं

सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी मोजतात. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. पातळी ४५ किंवा त्याहून जास्त आहे का, अशी तुलना प्रोग्रॅममध्ये लिहिली की उत्तर दोनपैकी एकच येतं: ट्रू (खरं) किंवा फॉल्स (खोटं). पाणी ४४ फूट ११ इंचांवर असलं तरी फॉल्सच. ‘जवळजवळ’ असं तिसरं उत्तर नाही. ट्रू आणि फॉल्स ही न बदलणारी दोन मूल्यं म्हणजेच बूलियन स्थिरांक. नाव आलं गणितज्ञ जॉर्ज बूल यांच्यावरून. त्यांनी १८४७ आणि १८५४ सालच्या पुस्तकांत तर्काला बीजगणिताचं रूप दिलं.

यंत्राच्या आत मात्र खरं-खोटं नसतं, नुसते बिट, म्हणजे ० किंवा १, असतात. त्यामुळे खरं कशाने दाखवायचं, हे प्रोग्रॅमिंगच्या प्रत्येक भाषेला ठरवावं लागतं. जुन्या बेसिक भाषेच्या अनेक आवृत्त्यांत ट्रू म्हणजे चक्क उणे १! त्यामागचा हिशेब मला फार देखणा वाटतो. फॉल्स म्हणजे ०, म्हणजे १६ बिटांत सगळी शून्यं. ‘नॉट’ ही क्रिया प्रत्येक बिट उलटा करते, की झाले सगळे एक. ऋण संख्या लिहिण्याच्या रूढ पद्धतीत तीच संख्या उणे १. ट्रू म्हणजे १ धरलं असतं तर? त्याचं नॉट येतं उणे २, आणि बेसिक शून्य सोडून सगळ्यालाच खरं मानते. म्हणजे खऱ्याचं उलटंही खरंच! पुराच्या प्रोग्रॅममध्ये ‘धोका नाही’ ही अट ऐन धोक्यातही लागू झाली असती.

सी भाषेने तर्काचं नॉट आणि बिटांचं नॉट वेगळं ठेवलं, म्हणून तिथे १ चाललं.

पायथॉन भाषेच्या आवृत्ती २ मध्ये ट्रू आणि फॉल्स ही साधी नावं होती. कुणी ट्रूमध्ये फॉल्स भरलं तरी भाषा अडवत नसे. बदलता येतो तो स्थिरांक कसला? २००८ साली आलेल्या पायथॉन ३ने ही नावं राखीव केली, ते फार बरं झालं. आकड्यांशी नातं मात्र टिकलं: ट्रू अधिक ट्रू म्हणजे २. आठवड्याच्या सात तुलनांची बेरीज केली की नदी किती दिवस धोक्याच्या पातळीला किंवा वर होती, ते लगेच कळतं.

नवशिके एका ठिकाणी हमखास अडकतात. फाइलमधून वाचलेलं ‘फॉल्स’ हा नुसता मजकूर असतो, आणि रिकामा नसलेला कुठलाही मजकूर पायथॉन खरा धरते. तिथे अक्षरं आपणच ताडून पाहायची.