चिमी पहाटे कोणाला हाका मारते?

माघ महिना होता. तुरी घरात आल्या होत्या, कापसाचा शेवटचा वेचा राहिला होता आणि सगळं घर रात्री नऊलाच आडवं व्हायचं. पहाटे चारला चिमी सुरू व्हायची. आधी कापसाच्या खोलीच्या दाराशी एक बारीक म्याऊ, मग ओसरीत, मग थेट माझ्या उशाशी. पाच महिन्यांचं पिल्लू ते, पण आवाज शेजारच्या घरात जायचा. सासूबाई अंथरुणातूनच म्हणायच्या, "काहून बोंबलते व हे? भूक लागली असन. दूध टाक तिले." मी उठून वाटीत दूध ओतायची. ती दोन घोट प्यायची आणि तासाभरानं पुन्हा तेच. पंधरा दिवसांत चारचे तीन वाजले.

आमच्या भागात अशा पिल्लाचं पुढं काय होतं ते मी पाहिलेलं आहे. पोत्यात घालून, बंडीवर टाकून दुसऱ्या गावच्या शिवारात सोडून देतात. चिमीचं तसं होऊ द्यायचं नव्हतं, म्हणून मी वाचायला लागले, डॉक्टरांना विचारायला लागले.

म्याऊ हा शब्द सावकाश म्हणून पाहा. ओठ उघडतात आणि गोल होत मिटत येतात. मांजराचं तोंडही तसंच चालतं. मिल्ड्रेड मोल्क या अमेरिकी संशोधिकेनं १९४४ मध्ये घरच्या मांजरांचे सोळा आवाज वेगळे काढले आणि तोंडाच्या हालचालीवरून त्यांचे तीन गट केले. पहिले तोंड मिटून काढलेले, दुसरे तोंड उघडून हळूहळू मिटत काढलेले, तिसरे तोंड ताणून उघडंच ठेवून काढलेले. खुशीतली गुरगुर आणि लाडाची हुंकारवजा साद पहिल्या गटात येते, म्याऊ दुसऱ्या, फिसकारणं आणि भांडणातलं ओरडणं तिसऱ्या.

आता अंगणात समोरासमोर आलेल्या दोन मोठ्या मांजरांकडे बघा. कान मागे जातात, शेपटी फुगते, फिसकारणं होतं. एकमेकांना म्याऊ मात्र ती सहसा करत नाहीत. म्याऊ हा पिल्लाचा आईसाठीचा आवाज आहे: थंडी वाजते, भूक लागली, मी इथं अडकलोय. दोनेक महिन्यांत पिल्लाचं दूध तुटतं आणि त्या आवाजाचं कामही संपत येतं. माणसाच्या घरात वाढलेल्या मांजरात तो जन्मभर टिकतो, कारण घरातली माणसं त्याला उत्तर देतात. चिमी पहाटे जे बोलत होती ते माझ्याशीच बोलत होती. हे कळल्यावर माझा राग बराचसा गेला.

ही सवय फार जुनी असावी. घरच्या मांजराचे पूर्वज म्हणजे पश्चिम आशिया आणि आफ्रिकेतली फेलिस लिबिका ही रानमांजरं, हे २००७ मध्ये डीएनएच्या तपासणीतून पक्कं झालं. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी मांजर पुरलेलं सापडलं आहे. माणसानं धान्य साठवलं, धान्यामागे उंदीर आले, उंदरांमागे मांजर आलं. कणगीशेजारीच ही ओळख झाली. कॉर्नेल विद्यापीठाच्या निकोलस निकास्ट्रो यांनी घरच्या मांजरांचं आणि त्यांच्या आफ्रिकेतल्या रानटी भाईबंदांचं म्याऊ लोकांना ऐकवलं, तेव्हा घरच्या मांजरांचा आखूड, उंच पट्टीचा आवाज लोकांना जास्त गोड वाटला.

त्याहून नवलाची गोष्ट ससेक्स विद्यापीठाच्या कॅरन मॅकॉम्ब यांनी २००९ मध्ये दाखवली. खायला मागताना काही मांजरं गुरगुरण्यातच एक उंच सूर मिसळतात. तो साधारण ३८० हर्ट्झच्या आसपास असतो, तान्ह्या बाळाच्या रडण्याच्या पट्टीत. ज्यांनी कधी मांजर पाळलं नव्हतं त्यांनाही तो आवाज जास्त निकडीचा वाटला. झोपेतून दचकून उठणाऱ्या माणसाचा त्यात काही दोष नाही, तो सूर नेमका तिथंच लागतो.

म्हणजे चिमीला पहाटे ओरडायला आम्हीच शिकवलं. ओरडलं की वाटी येते, एवढा हिशेब पिल्लाला दोन दिवसांत कळतो. मग आम्ही चूक आणखी वाढवली. कधी दूध दिलं, कधी रागावलो, कधी उशीत डोकं खुपसलं आणि अर्ध्या तासानं पुन्हा उठून दिलं. बी. एफ. स्किनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी उंदीर-कबुतरांवरच्या प्रयोगांतून दाखवून दिलं होतं की दरवेळी मिळणाऱ्या बक्षिसापेक्षा कधीमधी मिळणारं बक्षीस सवय जास्त घट्ट करतं. आणि बक्षीस एकदम थांबवलं की सवय सुटण्याआधी काही काळ उसळी मारते. नेमक्या त्या उसळीत माणूस हरतो, वाटी भरतो, आणि पिल्लू शिकतं की एवढं मोठ्यानं ओरडायचं असतं.

पण कान बंद करण्याआधी पोट तपासायला हवं. आमच्याकडची जुनी माणसं सांगतात की आमच्या भाट्या, म्हणजे मांजरी, दूधभाकरीवरच जगल्या. ते खरं नाही. त्या कोठ्यातल्या आणि कणगीखालच्या उंदरांवर जगल्या, दूधभाकर वरखर्ची होती. मांजर पक्कं मांसाहारी. टॉरिन नावाचा घटक त्याच्या शरीरात पुरेसा तयार होत नाही, तो मांसातूनच यावा लागतो. तो कमी पडला तर डोळ्यांचा पडदा झिजतो, हृदयाचे स्नायू दुबळे होतात. उंदराच्या अंगात टॉरिन भरपूर असतं, भाकरीत नसतंच. घरात कोंडलेल्या पिल्लाला दोन वेळा दूधभाकर घातली तर पोट फुगतं आणि भूक तशीच राहते. दूध तुटलं की दुधातली साखर पचवणारं पाचकद्रव्यही बहुतेक मांजरांत कमी होतं, म्हणून दुधानं जुलाब लागतात. चिमीला तेच झालं होतं. तिचं ओरडणं निम्मं सवयीचं होतं, निम्मं खऱ्या भुकेचं. डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं आणि पिल्लांसाठीचं तयार खाद्य सुरू करायला सांगितलं. सोबत उकडलेली कोंबडी आणि अंडं, मीठ-मसाल्याशिवाय.

मग वेळ बदलली. मांजर निसर्गतः दिवेलागणीला आणि पहाटे जागं असतं. दिवसभर कापसाच्या ढिगावर झोपलेलं पिल्लू पहाटे खेळ मागणारच. मी तुराटीला दोरी बांधली, दोरीला चिंधी, आणि रोज निजण्याआधी पंधरा मिनिटं ती जमिनीवरून सरपटवत नेली. चिमी दबा धरायची, मागचा भाग हलवायची, झेप घ्यायची. दमली की लगेच शेवटचं जेवण. शिकार, खाणं, अंग चाटणं, झोप, हा मांजराचा मूळ क्रम आहे आणि तो रात्री दहाला पूर्ण झाला की पहाट पुढं सरकते. सकाळचं खाणं मी उठल्यावर, चूल पेटवून, ती गप्प असेल त्या क्षणी. ओरडताना द्यायचं नाही, रागवायचंही नाही, कारण रागावणं हीसुद्धा दखलच. पाचवी आणि सहावी पहाट फार कठीण गेली. सासूबाईंना मी हात जोडून थांबवलं. दहाव्या दिवशी आम्ही साडेपाचपर्यंत झोपलो.

फाल्गुनात पुन्हा आवाज सुरू झाला, आणि हा आवाज वेगळाच होता. खोल, लांबलचक, बाळ कळवळून रडावं तसा. चिमी जमिनीवर लोळायची, पुढचे पाय दुमडून मागचा भाग उचलायची, शेपटी एका बाजूला करायची. शेजारच्या मावशी दारातून म्हणाल्या, "मांजर रडते व घरात, हे चांगलं नाही." अपशकुनाच्या याच भीतीनं किती भाट्या घराबाहेर गेल्या असतील. चिमी माजावर आली होती, एवढंच. मादीचा माज दिवसाच्या उजेडावर चालतो. दिवस मोठा होऊ लागला की तो सुरू होतो, आणि आपल्याकडे तर डिसेंबरातला सर्वांत लहान दिवसही जवळपास अकरा तासांचा, त्यामुळे थंड देशांसारखी लांब विश्रांती इथं मिळतेच असं नाही. माज आठवडाभर टिकतो, बोका मिळाला नाही तर दोनतीन आठवड्यांनी परत येतो. अशा वेळी दूध, खेळ, दुर्लक्ष कशाचाच उपयोग नाही. उपाय एकच, नसबंदी. ती पहिल्या माजाआधीही करता येते, हे मला उशिरा कळलं. गावच्या दवाखान्यात बहुतेक काम गाईबैलांचं असतं, म्हणून आधी चौकशी करावी. नागपूरच्या पशुवैद्यक महाविद्यालयाच्या दवाखान्यात कुत्र्यामांजरांवर उपचार होतात.

दुखण्याचं ओरडणं ओळखायला हवं, कारण तिथं वाट पाहणं जिवावर बेततं. बोका पुन्हा पुन्हा लघवीला बसतो, जोर करतो, कण्हतो आणि थेंबही पडत नाही, तर मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. तापाची माणसांची गोळी देऊ नये, पॅरासिटामॉल मांजराला विषासारखं आहे. आणि आपल्या शेतकऱ्यांसाठी खास सांगते: बैलांच्या गोचिडांवरचं सायपरमेथ्रिन किंवा डेल्टामेथ्रिन उरलं म्हणून मांजराच्या पिसवांवर चोळू नका. मांजराच्या यकृताला ही द्रव्यं नीट निकामी करता येत नाहीत. पिल्लू थरथरतं, झटके येतात, मरतं.

चिमीच्या टाक्यांचे वण आता केसांत लपले आहेत. ती अजूनही पहाटे येते, उशाशी बसते, कधी तोंड उघडून मिटते आणि आवाजच निघत नाही. सासूबाई चूल पेटवायला उठल्या की तिच्याकडे बघून म्हणतात, "आली का व माय?" त्यावर चिमी तोंड मिटूनच एक छोटीशी "म्र्र" करते. भाटी आपल्या पिल्लांजवळ येताना त्यांना हीच साद घालते.